शूर्पणखेच्या गावात बसून खलनायक वाचताना

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, नाकाला नासिका म्हणतात, म्हणून गावाचं नाव नाशिक. पाहुणे आले की सीता गुंफेच्या रांगेत उभं राहून ही गोष्ट सांगायची, हा इथला शिरस्ता. पण ती बाई दंडकारण्यात काय करत होती, असं एखाद्या चौकस पोराने विचारलं की सांगणारा घड्याळाकडे बघतो. उत्तर रामायणातच आहे, पण अरण्यकांडात शोधाल तर सापडणार नाही. ते उत्तरकांडात आहे. तिचा नवरा विद्युज्जिह्व रावणाच्याच हातून लढाईत मेला आणि मग रडणाऱ्या बहिणीची समजूत काढून रावणाने तिला खराच्या सोबतीने दंडकारण्यात धाडून दिलं. नाक कापल्याचा प्रसंग एका कांडात, तिचं दुखणं चार कांडं पुढे, आणि मध्ये अख्खं युद्ध.

ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांतले खलनायक असेच विखरून ठेवलेले असतात. थोडा कटसीनमध्ये, म्हणजे मधल्या चित्रफितीत, थोडा एखाद्या तलवारीच्या वर्णनात, थोडा तीन वर्षांपूर्वीच्या पॅचमध्ये, म्हणजे खेळात नंतर घातलेल्या भरीत. त्यामुळे 'व्हिलन फालतू होता' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारावा: वाचलास कुठे?

ताजं उदाहरण गेन्शिन इम्पॅक्टचं, कारण कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत फोनवर तोच जास्त दिसतो. त्यात फातुई नावाच्या टोळीत अकरा हार्बिंजर, म्हणजे म्होरके, आहेत. त्यातली ला सिन्योरा पहिल्याच देशात, मोंडस्टाटमध्ये, आपल्या डोळ्यांदेखत तिथल्या देवाचा, व्हेंटीचा, नोसिस (देवपणाची खूण) हिसकावून नेते, लियुएमध्ये पुन्हा येते आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, इनाझुमात, द्वंद्वात आपल्याकडून हरते. हरणाऱ्याला मरण या द्वंद्वाच्या नियमाप्रमाणे तिथली राज्यकर्ती रायडेन शोगुन एका वाराने तिची राख करते. झालं. तेव्हा अनेकांची तक्रार होती की एवढी मिजास मिरवणारी बाई, तिला का काही कारणच नाही?

कारण होतं, आणि ते तक्रार करणाऱ्यांच्याच बॅगेत पडून होतं. 'क्रिमझन विच ऑफ फ्लेम्स' हा आर्टिफॅक्ट संच (पात्राला चढवायच्या पाच वस्तू) आगीची पात्रं वापरणाऱ्या प्रत्येकाने गोळा केलेला असतो. त्यासाठी एका फेरीला २० रेझिन, म्हणजे खेळातला आपोआप भरून येणारा दम, जातात. ८ मिनिटांना एक या हिशेबाने ते भरून यायला २ तास ४० मिनिटं लागतात. लोक महिनोन्महिने त्याच डोमेनमध्ये, म्हणजे ते तुकडे मिळायच्या जागी, फेऱ्या मारतात, क्रिट रेट (जोरदार वार बसायची शक्यता) आला नाही म्हणून चरफडतात आणि नको असलेला तुकडा दुसऱ्या तुकड्याला 'खाऊ' घालतात. त्याच पाच तुकड्यांच्या मागे एका मुलीची कहाणी लिहिलेली आहे. सुमेरूच्या अकादमीत शिकायला गेलेली, जाताना प्रियकराने दिलेलं कालमापक जपणारी. परत आली तेव्हा तो राक्षसांशी लढताना मेलेला होता, आणि मग तिने स्वतःलाच जाळत राक्षस जाळत सुटायचं ठरवलं. संचात तिचं फातुईतलं नाव कुठेही नाही. ते जोडायचं काम आपलं. खात्री हवी असेल तर तिची लढाई आठवा: पहिल्या टप्प्यात बर्फ, दुसऱ्या टप्प्यात आग, आणि त्या दुसऱ्या रूपाच्या नावातच 'क्रिमझन विच' आहे. बर्फ होता तो आतली आग दाबून ठेवायला.

वाचायची रीत साधी आहे. मेनूतून आर्काइव्हमध्ये जा, तिथे आर्टिफॅक्ट उघडा, संच निवडा आणि फूल, पीस, घड्याळ, पेला, मुकुट अशा पाचही तुकड्यांचा मजकूर एका बैठकीत वाचून काढा. पंधरा मिनिटं पुरतात. लगोलग 'पेल फ्लेम' संच वाचा; त्यात एकेक तुकडा वेगवेगळ्या हार्बिंजरकडे बोट दाखवतो, डॉक्टरचं पीस तर नावासकट. तुकडा एकदा हाती लागला की नंतर तो मोडून खाल्ला तरी वर्णन आर्काइव्हमध्ये राहतं, तेव्हा जपून ठेवायची गरज नाही. घोटाळा होतो तो मजकूर सुटा सुटा वाचल्याने. आज एक तुकडा, दोन आठवड्यांनी दुसरा, अशाने ती मुलगी आणि ही बाई एकच हे लक्षातच येत नाही.

जाता जाता: मित्रांबरोबर सुरू करणार असाल तर सर्व्हर आधी ठरवा. आशिया आणि युरोप या दोन्हींवरची प्रगती पूर्ण वेगळी असते, नंतर इकडची तिकडे नेता येत नाही. आशियाचा दिवस आपल्या घड्याळाने रात्री दीडला बदलतो, युरोपचा सकाळी साडेआठला. रात्रीची जागरणं करणाऱ्यांना पहिला, सकाळच्या शिफ्टला सातपूर-अंबडला जाणाऱ्यांना दुसरा अडचणीचा, एवढाच फरक.

पण माहिती सापडली म्हणजे खलनायक मनात बसला असं होत नाही. सिन्योराची कहाणी वाचून हळहळ वाटते, तरी ती अंगाला चिकटत नाही. चिकटायला दोन गोष्टी लागतात: त्याच्या पापात आपला हात असावा लागतो, आणि त्याच्याबरोबर भरपूर वेळ गेलेला असावा लागतो. शक्ती, शिंगं, आकाश फाडणारं संगीत हे सगळं त्यानंतर.

हाताचं उदाहरण म्हणजे राजपुत्र आर्थस. २००२ च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये स्ट्रॅथोम शहरात प्लेग पसरलेला असतो आणि तो ठरवतो की लोक मुडदे होऊन उठण्याआधीच त्यांना मारायचं. हा निर्णय आपण नुसता बघत नाही. मालगॅनिस या राक्षसाने शंभर माणसं स्वतःकडे ओढण्याआधी शंभर माणसं आपण मारायची असतात, पडद्यावर मोजणी चालू असते, आणि माउस आपल्याच हातात असतो. खेळताना लक्ष आकड्यावर असतं. घरं फोडायची, माणसं बाहेर आली की कापायची, पुढच्या घराकडे धावायचं. मोहीम जिंकल्यावर सेकंदभराने समजतं की आपण काय जिंकलो.

पुढे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या २००८ च्या 'रॅथ ऑफ द लिच किंग' या विस्तारात (मूळ खेळाला जोडलेल्या नव्या भागात) लेखकांनी हीच खुंटी आणखी पिळली. तोवर आर्थसच लिच किंग, म्हणजे मुडद्यांचा राजा, झालेला असतो. डेथ नाइट, म्हणजे मेल्यावर उठवलेला योद्धा, हे पात्र निवडलं की तुम्ही आर्थसचे गुलाम म्हणूनच जन्माला येता. सुरुवातीच्या क्वेस्टमध्ये, म्हणजे कामगिऱ्यांमध्ये, गावकरी कापता, मग एका कोठडीत एका कैद्याला संपवायचा हुकूम येतो. तो कैदी तुमच्याच वंशाचा निघतो, तुम्हाला ओळखतो आणि पूर्वी तुम्ही कोण होतात याची आठवण करून देतो. तुम्ही मानव असाल तर मानव, ऑर्क असाल तर ऑर्क. पर्याय नाही, मारल्याशिवाय क्वेस्ट पुढे सरकत नाही. ही सुरुवात बघायची असेल तर पात्र जुन्या वंशांतलं घ्या. अलाइड रेस, म्हणजे नंतर जोडलेला वंश, घेतली तर डेथ नाइटची सुरुवात वेगळी आणि आखूड आहे, हा कैदी भेटणारच नाही.

एवढं सगळं झाल्यावर २०१० च्या फेब्रुवारीत आर्थसच्या आइसक्राउन किल्ल्याचा शेवटचा दरवाजा उघडला. त्या लढाईत आर्थसची ताकद दहा टक्क्यांवर आली की तो एका फटक्यात अख्ख्या टोळीला मारून टाकतो. पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाटतं वाइप झाला, म्हणजे सगळे मेले, हरलो, आपलं काहीतरी चुकलं. मेलेलं पात्र बाहेर काढायचं रिलीज बटण शोधायची घाई करू नका, फक्त थांबा. आर्थसच्या मारलेल्या बापाचा, तेरेनासचा, आत्मा येऊन सगळ्यांना उठवतो. जो बाप सिंहासनावर मुलाच्या हातून मेला, तोच मुलाचा शेवट घडवतो. कीर्तनात पूर्वरंग नीट लागला की उत्तररंगात बुवांना आवाज चढवावा लागत नाही, तसं आहे हे. इथे पूर्वरंग तब्बल आठ वर्षांचा.

वेळेचं उदाहरण फायनल फँटसी १४ मधला एमेट-सेल्क. २०१९ च्या 'शॅडोब्रिंगर्स'मध्ये तो समोरून चालत येतो आणि म्हणतो, चला, बरोबर जाऊ. मग तो खरंच बरोबर येतो. काही करत नाही. आळोखेपिळोखे देतो, टोमणे मारतो, कंटाळतो, मध्येच एखाद्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन टाकतो. तो शत्रू आहे हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं आणि तरी त्याची सवय होते. शेवटी समुद्राच्या तळाशी अमाउरोट नावाचं शहर लागतं. इमारती इतक्या उंच की मान दुखावी. रस्त्यावर झग्यातल्या सावल्या फिरत असतात, आणि आपण त्यांच्या गुडघ्याएवढे असल्याने त्या आपल्याला हरवलेलं मूल समजून प्रेमाने बोलतात. हळूहळू कळतं की हे शहर हजारो वर्षांपूर्वी बुडालं. समोर दिसतंय ते एका माणसाने आठवणीतून उभं केलेलं आहे. सावल्यांपैकी एकालाच, हिथ्लोडियसला, आपण सावली आहोत हे ठाऊक असतं. या तासाभरात एकही लढाई नाही. चाहते अजून त्याच तासाबद्दल बोलतात.

आता अडचणी, कारण तिथवर पोचायलाच खूप लागतं. क्रम मोडता येत नाही: 'अ रेल्म रिबॉर्न', 'हेव्हन्सवर्ड', 'स्टॉर्मब्लड', मग 'शॅडोब्रिंगर्स'. रोज दोन तास दिले तर तीन-चार महिने सहज जातात. पहिले तीन टप्पे, पातळी ७० पर्यंत, २०२३ च्या ऑक्टोबरपासून फुकट चाचणीत मिळतात आणि तिला दिवसांची मर्यादा नाही. फक्त चाचणीवाल्याला स्वतः पार्टी, म्हणजे खेळायचा गट, बनवता येत नाही, कुणीतरी बोलवावं लागतं. म्हणून चौघांच्या गटात एकाने तरी पूर्ण आवृत्ती घ्यावी. ती एकदा घेतली की त्या खात्यावर परत चाचणीकडे जाता येत नाही आणि महिन्याचं शुल्क सुरू होतं, तेव्हा ७० पातळी होईपर्यंत बाकीच्यांनी घाई करू नये. स्टीमवर मूळ खेळ घेतला तर विस्तारही स्टीमवरच घ्यावा लागतो. इथे लोकांचे पैसे हमखास अडकतात.

या खेळाचा भारतात सर्व्हर नाही. नाशिकमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा जपानमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो आणि जर्मनीत हिवाळ्यातले संध्याकाळचे पाच. रात्री जेवून बसणाऱ्याने युरोप निवडला तर डन्जनसाठी, म्हणजे गटाने करायच्या मोहिमांसाठी, माणसं लवकर मिळतात.

लोक गळतात ते पहिला टप्पा संपल्यानंतरच्या पॅचांमध्ये. निरोप पोचवा, लाकूड आणा, परत निरोप पोचवा. २०२० मध्ये पहिल्या टप्प्यातल्या काही क्वेस्ट छाटल्या, तरी तो पट्टा कोरडाच आहे. इथेच स्किप मारायचा मोह होतो, आणि नेमका इथेच एमेट-सेल्कचा साथीदार, पांढऱ्या झग्यातला एलिडिबस, पहिल्यांदा डोकावतो. एमेट-सेल्कसुद्धा अचानक उगवत नाही, 'स्टॉर्मब्लड'च्या शेवटच्या पॅचांत एकदा दिसून जातो. मधला मार्ग असा: क्वेस्टमधले किरकोळ संवाद भरभर पुढे ढकला, पण झग्यातली व्यक्ती पडद्यावर आली की हात काढून घ्या. चुकून सुटलंच तर सरायखान्याच्या खोलीत 'अनएंडिंग जर्नी' नावाचं पुस्तक ठेवलेलं असतं, त्यातून जुने प्रसंग परत बघता येतात. पैसे देऊन कथा ओलांडायची सोयही विकत मिळते. ती दुसरं पात्र वाढवणाऱ्यासाठी ठीक. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ती घेणं म्हणजे मिसळीच्या ठिकाणी जाऊन नुसता पाव खाऊन येणं.

फसलेले खलनायकही कामाचे, कारण तिथे काय कमी पडलं ते स्वच्छ दिसतं. गिल्ड वॉर्स २ च्या २०१२ च्या मूळ कथेचा शेवट झायटन या ड्रॅगनशी आहे. तो अजस्र आहे, पण शेवटी आपण उडत्या जहाजावर उभे राहून तोफ डागत बसतो आणि तो पडतो. त्याने आपल्याशी कधी काही बोललेलं नसतं, आपण त्याचं कधी काही केलेलं नसतं. वॉरक्राफ्टच्या 'शॅडोलँड्स'मध्ये जेलर आला. २०१९ च्या घोषणेआधी त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, आणि आल्या आल्या सांगण्यात आलं की लिच किंगचा मुकुट आणि तलवार यामागे मूळ हाच होता. म्हणजे आर्थसबरोबर घालवलेली सगळी वर्षं याच्या खात्यावर जमा करा. चाहते भडकले ते यामुळे. नवा खलनायक चालतो. दुसऱ्याची कमाई लाटणारा चालत नाही.

वॉरक्राफ्टमध्ये खेळाडू अलायन्स आणि होर्ड या दोन वैरी गटांत वाटलेले असतात; त्यातल्या होर्डची प्रमुख सिल्व्हानास हिचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. २०१८ मध्ये तिने टेल्ड्रासिल हा महावृक्ष, त्यावरच्या शहरासकट, पेटवला. अलायन्सच्या खेळाडूला जळत्या शहरात उतरवून लोकांना वाचवायला सांगितलं गेलं. पडद्यावर साडेनऊशेहून मोठा आकडा आणि हातात मोजकी मिनिटं. कितीही धावलं तरी आकडा पुरा होत नाही, धुराने पात्र कोसळतं. स्ट्रॅथोमची मोजणी आठवते का? तीच युक्ती, उलटी फिरवलेली. हे लिखाण उत्तम आहे. पण होर्डच्या बाजूने खेळणारे संतापले, कारण ती लढाई त्यांच्याकडूनच लढवून घेतली होती आणि आग लावायच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही. डेथ नाइट निदान नंतर सुटतो. होर्डवाला पुढे कितीतरी काळ तिच्याच झेंड्याखाली हिंडत राहिला. हात आपला हवा हे खरं, पण हात पकडून पाप करवून घेतलं तर राग खलनायकावर निघत नाही, लेखकावर निघतो.

मराठीतून या कथा एकमेकांना सांगताना एक वेगळीच गंमत होते, आणि ती इंग्रजीत खेळणाऱ्याला कळणारच नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत खलनायक तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं: तू, तुम्ही की आपण? एमेट-सेल्कच्या तोंडी 'तू थकलास, बस' घातलं तर तो गल्लीतला दादा होतो. 'तुम्ही थकला असाल. बसा ना' म्हटलं की अंगावर काटा येतो. आर्थस बापाला मारतो त्या प्रसंगात तो गुडघे टेकतो तेव्हा 'आपण' हवं, तलवार निघाल्यावर 'तुम्ही', आणि शेवटचं वाक्य सर्वनामाशिवाय. सिल्व्हानासच्या सैनिकांनी तिला 'बाईसाहेब' म्हणायचं की 'राणीसाहेब', यावर तासभर वाद घालता येतो आणि तो तास वाया जात नाही, कारण वाद तिच्या हुद्द्याचा नसून तिच्या माणसांना तिची भीती वाटते की ओढ, याचा असतो. गोषवारा लिहिणाऱ्याने आधी सर्वनामांची यादी करावी, मग लिहायला घ्यावं. एका प्रसंगात 'तू' आणि दुसऱ्यात विनाकारण 'तुम्ही' आलं की वाचणाऱ्याला वाटतं कथेत काही बदललंय.

चौघांना एकत्र बसून खलनायकी करून बघायची असेल तर 'स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक' सोयीचा आहे. २०११ चा खेळ, २०१२ पासून फुकटातही चालतो. गटाने संवाद करताना प्रत्येक जण आपलं उत्तर निवडतो, फासा पडतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याचं वाक्य बोललं जातं. पण उजेड-अंधाराचे गुण मात्र प्रत्येकाला स्वतःच्या निवडीप्रमाणे मिळतात. त्यामुळे तिघांनी सोडायचं ठरवलेला कैदी चौथ्याच्या फाशाने मरतो, आणि हेडफोनमध्ये पुढची दहा मिनिटं फक्त भांडण ऐकू येतं. एकाच स्पीकरवर चौघं बसू नका, आवाज घुमतो आणि संवाद कळत नाहीत.

त्याही पुढची पायरी म्हणजे भूमिका लिहून वठवणं. चॅटमध्ये आपलं पात्र काय करतं ते लिहायचं, समोरच्याने त्यावर लिहायचं. यात खलनायक घेणाऱ्यावर सगळ्यात जास्त बंधनं असतात, आणि नवखे नेमके ती मोडतात. वार फक्त वर्तमानकाळात लिहायचा. 'तो तलवार उगारतो' हे बरोबर. 'त्याने तुझा हात तोडला' हे चूक, कारण हात तुटला की नाही हे हाताच्या मालकाने ठरवायचं. पात्राला जे ठाऊक नाही ते खेळणाऱ्याला ठाऊक असलं तरी वापरायचं नाही. पात्राबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात. अपहरण, छळ, मृत्यू यातलं काहीही आणायचं असेल तर आधी खाजगीत विचारायचं, आणि समोरचा 'बघू' म्हणाला तर त्याचा अर्थ नको असा घ्यायचा.

सगळ्यात जास्त गट मोडतात ते शेवट न ठरवल्यामुळे. खलनायक करणाऱ्याला पात्राचा लळा लागतो, तो हरायला तयार होत नाही, दर शनिवारी निसटून जातो, आणि सहाव्या शनिवारी नायकच येत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच पाच-सहा बैठकांचा अवधी आखावा, कुठल्या बैठकीत हरायचं ते खलनायकाने आणि सूत्रधाराने दोघांतच ठरवावं, बाकीच्यांना सांगू नये. पहिल्या दोन बैठकांत त्याला लढवूच नये. नुसतं येऊ द्यावं, बसू द्यावं, चहा मागू द्यावा. रावणसुद्धा पंचवटीत पहिल्यांदा आला तो भिक्षा मागायलाच.